वस्तुसंग्रहालय आणि गाव : तेरचा धडा



व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर प्राध्यापक बोलतात, संपादक बोलतात, क्वचित एखादे मंत्रीही बोलतात. कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला की श्रोत्यांना वाटते, आता महागाई भत्त्याचे गणित ऐकावे लागणार. ते गणित मी आज घरी ठेवून आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे सोलापूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात आणि रात्री संघटनेच्या कचेरीतल्या कपाटापाशी झाले. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मला बोलता येणार नाही. पण ज्यांच्या हातांनी वस्तू घडतात त्यांच्यात मी आयुष्य काढले आहे. त्या वस्तूंचे पुढे काय होते, त्या कोण सांभाळतो आणि कोणाला दाखवतो, हे विचारण्याचा अधिकार मला त्यामुळे आहे असे मी मानतो.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. परंड्याची सर्वांत प्रसिद्ध वस्तू कोणती, असे विचारले तर उत्तर द्यायला विजापूरला जावे लागेल. तिथल्या बुरुजावर मुलूख-ए-मैदान ही तोफ आहे. इ. स. १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत मुहंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती ओतली. लांबी चौदा फुटांवर, वजन सुमारे ५५ टन. तोफेच्या तोंडाशी जबडा पसरलेला सिंह असून त्याच्या दाढांखाली हत्ती चिरडलेला दाखविला आहे. ही तोफ आपल्या किल्ल्यात होती. १६३२ साली आदिलशाहीने ती विजयाची खूण म्हणून विजापूरला नेली. ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले असे सांगतात. ज्या तोफेपुढे फौजा थरथरल्या, तिचा इंग्रजी अमलात १८५४ साली लिलाव झाला, आणि बोली किती आली? दीडशे रुपये! पुढे कोणा जाणत्या अधिकाऱ्याला शहाणपण सुचले आणि तो सौदा रद्द झाला, म्हणून ती आज उभी आहे.

या एका तोफेत माझ्या विषयाचे तिन्ही पेच आहेत. वस्तू घडविणारा एक, ती पळविणारा दुसरा, आणि तिची किंमत धातूच्या वजनावर करणारा तिसरा. चौथा माणूस, म्हणजे ती जपून आपल्या लोकांना समजावून सांगणारा, हा फार उशिरा जन्मला. त्या चौथ्या माणसाची हकीकत मी आज सांगणार आहे.

आपल्याकडे वस्तुसंग्रहालय ही संस्था इंग्रजांबरोबर आली. राजेरजवाड्यांचे जामदारखाने होते, देवळांचे भांडार होते. पण पैसा न घेता कोणालाही आत सोडावे आणि पाहू द्यावे ही कल्पना त्यांत नव्हती. मुंबईच्या संग्रहालयाची कूळकथा मोठी बोधक आहे. १८५५ साली पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले. तिकडे पाठविण्यासाठी या देशातील कारागिरीचे नमुने जमविले गेले, आणि त्यांचे जोडनमुने मुंबईत ठेवून त्यांतून संग्रह उभा राहिला. १८५७ साल उजाडले. बंडाच्या धामधुमीत बराकीची जागा सैन्याला हवी झाली आणि संग्रहातील वस्तू बाहेर काढून टाकण्यात आल्या. कितीतरी मोडल्या, कितीतरी हरवल्या. त्यानंतर डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांनी नागरिकांकडून वर्गणी जमा करून भायखळ्याला इमारत उठविली. ती १८७२ साली लोकांसाठी उघडली. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे नाव तिला होते. १९७५ साली ते बदलून भाऊ दाजींचे नाव दिले गेले.

मला त्या इमारतीचे शिल्प फारसे कळत नाही. तिचा शेजार मात्र कळतो. चहूकडे गिरण्या होत्या. परळ, लालबाग, भायखळा येथील चाळींत कोकण-घाटावरून आलेला कामगार दाटीवाटीने राहत असे. सुट्टीच्या दिवशी तो बायकामुलांना घेऊन राणीच्या बागेत जाई आणि बागेच्या दारातच असलेल्या या ‘अजबखान्या’त शिरे. आत मातीच्या लहान लहान मूर्ती मांडलेल्या आहेत. निरनिराळ्या जातीजमातींची, धंद्यांची, कारागिरांची माणसे आपापल्या वेषात आणि आपापल्या कामात दाखविलेली आहेत. साहेबाने त्या मूर्ती मांडल्या त्या एतद्देशीय रयतेची वर्गवारी करण्यासाठी. पण पाहणाऱ्याने त्यांत काय पाहावे, हे मांडणाऱ्याच्या हातात नसते. गावाकडून आलेल्या मनुष्याला त्यांत आपला सुतार, आपला लोहार, आपला साळी दिसला असेल. संग्रहालयाचा उद्देश एक आणि उपयोग दुसरा, असे पुष्कळदा होते. आणि दुसराच अधिक मोलाचा असतो.

पुढे हे संग्रहालय मोडकळीस आले. मुंबई महानगरपालिका, एक धर्मादाय प्रतिष्ठान आणि वारसा जतन करणारी संस्था अशा तिघांनी मिळून त्याचा जीर्णोद्धार केला. त्या कामाला २००५ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले आणि २००८ साली ते पुन्हा पूर्ण उघडले. जुन्या संग्रहाशेजारी आजच्या चित्रकारांची प्रदर्शने होऊ लागली, शाळांची मुले येऊ लागली. हे चांगले झाले. मात्र तोपर्यंत भोवतालच्या गिरण्या बंद पडल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचा कणा मोडला. यंत्रे भंगारात विकली गेली. ज्या मागावर एका पिढीने आयुष्य घातले तो माग किलोच्या भावाने गेला. अजबखाना वाचला, पण अजबखान्यात रविवारी येणारा माणूस वाचला नाही. हे शल्य मी इथे नोंदवून ठेवतो. त्याकडे शेवटी यायचे आहे.

संस्थानिकांतही एक अपवाद निघाला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली औंधच्या टेकडीवर श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे तिथे आहेतच. शिवाय हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराचे माय-लेकराचे शिल्पही त्या खेड्यात आहे. आणि लगोलग १९३९ साली याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. एका वर्षी आपली चित्रे लोकांसाठी खुली केली, दुसऱ्या वर्षी राज्यच खुले केले. हे दोन्ही एकाच वृत्तीतून घडले असे मला वाटते.

मराठवाड्याची कथा निराळी. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्याने १९१४ साली पुराणवस्तु खाते काढले. गुलाम याजदानी हे त्याचे पहिले प्रमुख. माणूस विद्वान, अजिंठ्यासाठी त्यांनी केलेले काम विसरता येणार नाही. पण खाते हैदराबादेत, संग्रहालय हैदराबादेत, आणि आपल्या मातीतून निघालेली वस्तू पाहायची तर आगगाडीचे भाडे भरून तिकडे जायचे! पुढे १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. राजधानी बदलली, अंतर मात्र तेवढेच राहिले. अशा वेळी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाने, खरे म्हणजे एका गृहस्थाने, उलटी वाट दाखविली. ते गाव तेर.

तेरणाकाठचे तेर आपण गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतो. पण गोरा कुंभार तिथे चिखल तुडवीत होते त्याच्या हजार-बाराशे वर्षे आधीही तिथे चाके फिरत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या मार्गदर्शिकेत ‘तगर’ या नगराचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे दगड जात आणि तगरहून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांत भरून भडोचला जाई. मी विणकरांचा माणूस. हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा रात्री झोप आली नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातले कापड समुद्रापार जात होते, आणि त्यात साधे कापडही होते, तलमही होते; म्हणजे गरिबाचे आणि श्रीमंताचे दोन्ही माग तिथे चालत होते.

हे तगर कोठे, याविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, पण ते पुर सापडत नव्हते. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे दाखवून दिले. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तिथे उत्खनन केले. १९६० साली ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी तेरवर पुस्तिका लिहिली.

आता जरा थांबून विचार करा. १९०१ ला गावाची ओळख पटली आणि १९५८ ला खोदकाम झाले. मधल्या सत्तावन वर्षांत काय चालले होते? मराठवाड्यातील जुन्या गावांची रीत आपणांस ठाऊक आहे. माळवदावर घालायला पांढरी माती लागते. ती जुन्या पांढरीतून, म्हणजे ओस पडलेल्या वस्तीच्या टेकाडातूनच आणतात. फावडे मारले की मातीबरोबर मणी निघतात, नाणी निघतात, भाजलेल्या मातीची बाहुली निघते. पाऊस पडून गेला की शंखाच्या बांगडीचे तुकडे उन्हात चमकतात. नाणे तांब्याचे असेल तर तांबटाकडे, सोन्याचे असेल तर सोनाराकडे, बाहुली असेल तर पोरांच्या हाती आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर. दीडशे रुपयांच्या तोफेचीच ही धाकटी बहीण.

हा ओघ तेरच्या एका व्यापाऱ्याने अडविला. रामलिंगप्पा लामतुरे त्यांचे नाव. हा गृहस्थ विद्यापीठातला नव्हता. पण सापडलेली वस्तू फेकू नये एवढे त्याला कळले, आणि ज्याला सापडली त्याच्याकडून ती मिळवून त्याने घरात जपून ठेवली. एक नव्हे, दोन नव्हे, हजारो वस्तू. पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे आला आणि त्यातून तेरमध्येच त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय झाले. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. सातवाहनांची नाणी, रत्नांचे आणि काचेचे मणी, साचे, दिवे, रोमन नाण्यांवरून मातीत उठविलेली पदके, लज्जागौरीच्या प्रतिमा, उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट. पुण्याच्या दिनकर केळकरांनीही असाच एकहाती संग्रह केला आणि तो शासनाला दिला, हे आपणांस ठाऊक आहे. पण पुण्यात विद्वानांची वाण नव्हती. लामतुऱ्यांनी हे खेड्यात केले, आणि ठेव खेड्यातच राहिली, हे मला मोठे वाटते.

त्या संग्रहात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इटलीत ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. ती भारतातून गेली होती याविषयी शंका नाही, आणि ती आपल्या दख्खनच्या कारागिराची असावी असे अनेक अभ्यासक मानतात. हा निष्कर्ष काढायला तेरची आणि भोकरदनची मूर्ती उपयोगी पडली. समजा, एखाद्या उन्हाळ्यात कोणा पोराने ती मूर्ती नदीत भिरकावली असती, तर? रोमच्या बाजारात मराठवाड्याचा हात पोहोचला होता, हे सांगायला आपल्याजवळ पुरावा उरला नसता. इतिहास अशा बोटभर वस्तूंवर टेकलेला असतो.

हा झाला गौरवाचा भाग. आता थोडे कडू बोलतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतल्या विडी कामगार बाया आणि यंत्रमागावरील कामगार अशी चाळीस माणसे घेऊन मी एका शहरातले संग्रहालय पाहायला गेलो. नाव घेत नाही. दारावरच्या माणसाने आम्हांला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, “तुम्हांला यातले काय कळणार?” तिकिटे काढूनच आम्ही उभे होतो. आत गेलो. एका कपाटात भाजलेल्या मातीची फुटकी पोकळ मूर्ती होती. खाली चिठ्ठीवर शतक लिहिले होते, एवढेच. आमच्याबरोबर कुंभाराच्या घरची एक म्हातारी होती. ती काचेला नाक लावून म्हणाली, “हे दोन साच्यांत केलंय बघा. पुढचं निराळं, पाठ निराळी. आतून अंगठ्यानं दाबलंय, त्याची खूण हाय.” आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. खरेच, आतल्या बाजूला अंगठ्याचा ठसा होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कामगाराचा अंगठा! हजेरीपटावर अंगठा उठविणाऱ्या आमच्या बायांना तो ओळखीचा वाटला. परत येताना गाडीत दुसरा विषय नव्हता.

दारावरच्या त्या माणसाला मी दोष देत नाही. तोही तुटपुंज्या पगारावरचा कंत्राटी नोकर होता. त्याला त्या कपाटांतले कोणी कधी सांगितले नव्हते. दोष समजुतीचा आहे. संग्रहालय शिकलेल्यांसाठी असते, ही समजूत. म्हणून संग्रहालयाची वाढ म्हटले की आपल्याला नवी इमारत, नवी काच, नवे दिवे आठवतात. ती हवीतच; वस्तूंना ओल आणि धूळ लागू नये हे पहिले कर्तव्य. पण ज्या दिवशी त्या म्हातारीचे वाक्य चिठ्ठीवर लिहिले जाईल, त्या दिवशी संग्रहालय वाढले असे मी म्हणेन.

कोणी म्हणेल, पोटाला नाही तिथे ही चैन कशाला? हा प्रश्न मला संघटनेच्या बैठकीतही विचारतात. लंडनच्या पूर्व भागात, गोदी कामगारांच्या आणि शिंप्यांच्या गरीब वस्तीत, १९०१ साली व्हाइटचॅपलचे कलादालन उघडले. त्याच दालनात १९३९ च्या जानेवारीत पिकासोचे ‘गेर्निका’ हे चित्र मांडले होते. स्पेनमधील एका गावावर विमानांनी बाँब टाकले, त्याचा आकांत त्या चित्रात आहे. प्रदर्शनाचे उद्घाटन मजूर पक्षाच्या क्लेमंट ॲटलींनी केले, आणि पाहायला आलेल्या लोकांनी स्पेनच्या लढवय्यांसाठी आपले बूट चित्रापाशी आणून ठेवले. गरिबाला कला कळत नाही असे म्हणणाऱ्याने ते बूट आठवावेत.

मग आपण काय करावे? तीन गोष्टी सुचवितो.

पहिली कायद्याची. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांवरच्या किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावे लागते. एवढा भाग सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचीच भीती आहे. पंचनामा, चौकी, हेलपाटे यांच्या धास्तीने शेतकरी हंडा झाकतो आणि नाणी वितळवितो. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग गावात कोणी सांगत नाही. मालकी सांगणारा कोणी नसेल आणि दोघांत निराळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घेता येते. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारनेही सापडणाऱ्याचा हक्क कागदावर मानला होता. तो हक्क ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. वस्तू आपोआप बाहेर येतील. संघटनेचा अनुभव असा आहे की, हक्क समजला म्हणजे माणूस प्रामाणिक होतो. नुसता धाक दाखविला म्हणजे तो लपवितो.

दुसरी गोष्ट वेळेची. संग्रहालय कचेरीच्या वेळेत उघडते आणि कचेरीच्या वेळेत मिटते. शेतमजूर, हमाल, विडीवाली बाई यांनी रोजगार बुडवून यावे काय? बाजाराच्या दिवशी आणि यात्रेत ते उशिरापर्यंत उघडे ठेवावे. तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला माणूस येतो; त्याला चार पावले पुढे नेऊन काकांच्याही आधीच्या कुंभारांची करणी दाखविणारा, त्याच्याच बोलीत बोलणारा गावचा पोरगा हवा, आणि त्या पोराला रीतसर पगार हवा.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. आपल्या किल्ल्यात तोफा आहेत, जुन्या मूर्ती आहेत. अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ इथेच मांडली होती. वास्तू सरकारी संरक्षणात आहे. तिचा एक दगडही आपण हलवू नये. पण प्रत्येक तोफेची, प्रत्येक मूर्तीची वही आपण ठेवू शकतो : कोठे आहे, कशी आहे, म्हातारी माणसे तिच्याविषयी काय सांगतात. शाळेतल्या मुलांनी हे एका उन्हाळ्यात करावे. आणि त्या वहीत शेवटी चार पाने कोरी सोडावीत. मोट कशी होती, हातमागाचा धोटा कसा होता, घिसाड्याचा भाता कसा होता, ते तिथे लिहावे आणि मिळाली तर वस्तूही जपावी. मुंबईत आमचे माग किलोच्या भावाने गेले तेव्हा त्यांच्यात कोणी लामतुरे निघाला नाही. आम्ही संघटनेची माणसे वेतनासाठी लढत होतो, ते बरोबरच होते. पण एक माग तरी बाजूला काढून ठेवावा, हे आम्हांला सुचले नाही. ही चूक आमची आहे आणि ती मी जाहीरपणे कबूल करतो.

मुलूख-ए-मैदान परत मागायला मी सांगत नाही. ती विजापुरात सुखाने राहो. परंतु ती जाताना चारशे बैल हाकणारे, दोर धरणारे, चाकाखाली दगड सारणारे ते लोक कोण होते? त्यांतले काही तरी याच पेठेतले असतील. त्यांची नावे कोठेही नाहीत. यापुढे निदान इतके व्हावे की, परंड्यातून काही गेले, मोडले किंवा सापडले, तर त्याची नोंद परंड्यात असावी. तेरच्या एका व्यापाऱ्याला जे एकट्याने जमले, ते आपणा सर्वांना मिळून जमणार नाही असे मी तरी मानायला तयार नाही.